हायफन कुठे द्यावा, कुठे नको?

प्रश्न : आम्ही पोलादपुरात पर्यटकांना राहायला खोल्या देतो. रायगड, उमरठ, महाडचे चवदार तळे यांची माहिती देणारे इंग्रजी पत्रक छापायचे आहे. हायफन नेमका कुठे द्यावा?
– एक वाचक, पोलादपूर

उत्तर : दोन शब्द मिळून पुढच्या नामाचे एकच विशेषण होत असेल, तर हायफन द्या. ‘अ वेल-नोन फोर्ट’मध्ये तो हवा, ‘द फोर्ट इज वेल नोन’मध्ये नको. ‘न्यूली बिल्ट रूम्स’मध्येही नको, कारण ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर तो देत नाहीत. ‘थ्री टू-बेड रूम्स’ म्हणजे प्रत्येकी दोन खाटांच्या तीन खोल्या. इथे हायफन गाळला, तर वाचणारा अडखळतो.

‘मुंबई–गोवा हायवे’तली रेघ हायफनपेक्षा थोडी लांब असते, तिला एन डॅश म्हणतात. साधा हायफनही चालून जातो. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची तारीख ‘२० मार्च १९२७’ अशी लिहिली, तर स्वल्पविराम नको. ‘मार्च २०, १९२७’ लिहिली, तर २० नंतर हवा. ‘रूम्स’च्या ‘एस’आधी मात्र अपॉस्ट्रॉफी देऊ नका.

छापण्याआधी मजकूर मोठ्याने वाचा. जिथे दोन अर्थ निघतील, तिथले चिन्ह पुन्हा तपासा.