आगोटीची खरेदी : भाव नंतर, आधी टिकाऊपणा



मे महिना आला की गटाच्या सभेत आगोटीचा विषय निघतोच. पावसाच्या चार महिन्यांचं सामान सगळ्यांनी मिळून आणायचं, टेम्पोचं भाडं वाटून घ्यायचं, होलसेल भावाचा फायदा घ्यायचा. कल्पना चांगलीच आहे. पण भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारूया : आणलेलं सामान टिकणार किती?

हे सांगण्यामागे माझीच चूक आहे. गेल्या जूनमध्ये एका गटाने माझ्या सांगण्यावरून ५० किलोचं रव्याचं पोतं आणलं. दहा जणींनी पाच-पाच किलो वाटून घेतला. दुकानात ४० रुपये किलो, आम्हाला ३५ ने मिळाला. मी खूश! जुलैच्या मध्याला घरोघरी रव्यात जाळी आणि अळ्या. १८ किलो रवा कोंबड्यांपुढे टाकावा लागला. खाण्यात आला ३२ किलो. तेवढाच रवा लागेल तसा दुकानातून आणला असता तर १,२८० रुपये लागले असते. आम्ही दिले होते १,७५०. म्हणजे स्वस्ताईच्या नादात ४७० रुपये गेले.

सभेत मी माफी मागितली. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आम्ही पावसाळ्यात रवा भाजूनच ठेवतो. पण तुम्ही शिकलेल्या, म्हणून बोललो नाही." ताईंनो, असं गप्प बसू नका. साठवणीचं ज्ञान तुमच्याकडेच जास्त आहे.

काय जास्त टिकतं?

सोपा नियम आहे : अख्खं जास्त टिकतं, भरडलेलं त्याहून कमी, दळलेलं सगळ्यात कमी. सालीमुळे दाणा आतून सुरक्षित राहतो. साल निघाली, पीठ झालं, की हवा आणि ओल लवकर लागते.

• मीठ, साखर : ओल लागली नाही तर वर्षभरही बिघडत नाही. चार महिन्यांचं एकदम घ्यायला हरकत नाही.
• तांदूळ, अख्खे वाल, चवळी, मूग : नीट वाळलेले असतील तर पावसाळा सहज काढतात.
• तूरडाळ, चणाडाळ : उन्हं देऊन, तेलाचा हात लावून ठेवली तर चार महिने टिकते.
• रवा, बेसन, मैदा : पावसाळ्यात महिन्याला पुरेल एवढंच. रवा कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरा.
• शेंगदाणे : शेंगा अख्ख्या ठेवा, लागतील तशा फोडा. बुरशी आलेला, काळा पडलेला दाणा टाकूनच द्या. त्यातलं विष भाजूनही पूर्ण जात नाही.
• तेल : १५ किलोच्या डब्यावरची तारीख बंद डब्यासाठी असते. फोडल्यावर दीड-दोन महिन्यांत संपवा. घर लहान असेल तर दोघींनी मिळून एक डबा घ्या. चुलीपासून लांब ठेवा.
• सुकट, बोंबील : कडक वाळलेलेच घ्या. हाताला मऊ लागले तर घेऊ नका.
• अंगाचा-कपड्याचा साबण : खुशाल घ्या, फक्त धान्य आणि चहापावडरीपासून लांब ठेवा, वास लागतो.

भरताना काय बघायचं?

दाणा दाताखाली धरा. कट् आवाज होऊन फुटला तर वाळलाय, नुसता दबला तर अजून ऊन हवं. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, तुकडा पडतो, सावलीत पसरा. उन्हातलं धान्य गरम असताना डब्यात भरलं तर आत वाफ धरते, म्हणून रात्रभर गार होऊ द्या. डबा भिंतीला लावून किंवा जमिनीवर ठेवू नका, खाली फळी घाला. कडधान्य राखेत घोळवा, कडुलिंबाचा पाला वाळवूनच घाला. सुट्या सामानावर तारीख नसते, म्हणून डब्यावर चिठ्ठी चिकटवा : काय, कधी आणलं, कधीपर्यंत संपवायचं. जुनं संपल्याशिवाय नवं फोडायचं नाही.

एक गोष्ट अजिबात नको. कीड मारायच्या विषारी गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, घरातल्या धान्यात टाकू नका. ओलसर हवेत त्यातून विषारी वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावू शकतात. त्यावर उतारा नाही. धान्य गेलं तर पुन्हा आणता येईल.

कर्ज काढून घ्यावं का?

समजा १२ किलो तूरडाळ १४० रुपयांनी घेतली. किलोमागे १० रुपये, म्हणजे १२० रुपये वाचले. पण त्यासाठी गटातून १,६८० रुपये शेकडा २ रुपये महिना व्याजाने घेतले आणि सहा समान हप्त्यांत फेडले, तर व्याज होतं ११७ रुपये ६० पैसे. हाती उरले दोन रुपये चाळीस पैसे! व्याज गटातच राहतं हे खरं, पण तुमच्या घराला फायदा झाला नाही. म्हणून आगोटीसाठी जानेवारीपासून थोडे-थोडे पैसे वेगळे ठेवा.

पुढच्या सभेत हे करा

प्रत्येकीने घरात महिन्याला काय, किती लागतं ते लिहून आणा. जी वस्तू चार महिने टिकते तीच चार महिन्यांची घ्या. बाकीची महिन्याच्या महिन्याला, पण मिळूनच आणा. भाव तरीही कमी पडेल. आणि यादी पक्की करण्याआधी गटातल्या सगळ्यात वयस्कर ताईला विचारा, "हे टिकेल का?" मी तर आता तिथूनच सुरुवात करते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक