इस्त्री तापत का नाही?

(घरातील विजेचे साधन बंद पडले तर क्रमाने विचार कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, उंब्रज हे सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे गाव. पावसाळ्यात तेथे दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. सकाळी शाळेत जायचे असते आणि गणवेश दमट असतो. मग त्यावर इस्त्री फिरवावी लागते. अशा वेळी इस्त्रीच तापली नाही तर? ‘बिघडली, टाकून द्या,’ असे म्हणणे सोपे आहे. पण थोडा विचार केला, तर बिघाड कोठे आहे हे तुम्हीही ओळखू शकाल.

आधी इस्त्री तापते कशी, ते समजून घ्या. इस्त्रीच्या पोटात नायक्रोमची तार असते. नायक्रोम हे निकेल व क्रोमियम या धातूंचे मिश्रण आहे. दुरुस्ती करणारे या तारेला कॉइल म्हणतात. ही तार विजेला विरोध करते, म्हणून ती तापते. साध्या इस्त्रीत ही तार अभ्रकाच्या पातळ पत्र्यावर गुंडाळलेली असते. अभ्रक उष्णता सोसते, पण वीज पुढे जाऊ देत नाही. म्हणून तळ तापतो, पण त्यात वीज उतरत नाही.

इस्त्रीत थर्मोस्टॅटही असतो. त्यात दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. पट्टी निवली की वीज पुन्हा सुरू होते. म्हणून इस्त्री चालू असताना मधूनमधून ‘टक’ असा आवाज येतो.

उंब्रजच्या पश्चिमेला कोयना प्रकल्प आहे. १९६२ पासून तेथे वीज तयार होते. वीज कितीही दुरून येवो, वाटेत एका जागी तार तुटली तरी ती थांबते. म्हणून वीज ज्या वाटेने येते, त्याच वाटेने बिघाड शोधावा.

पहिली गोष्ट, घरात वीज आहे का ते पाहा. असेल तर त्याच सॉकेटला टेबलफॅन लावून पाहा. पंखा फिरला नाही, तर दोष सॉकेटचा आहे, इस्त्रीचा नाही.

दुसरी गोष्ट, इस्त्रीची चकती ‘बंद’वर तर नाही ना, ते पाहा. ती सुती कपड्यांच्या खुणेवर आणा.

तिसरी गोष्ट, प्लग काढून वायर पाहा. प्लगजवळ आणि इस्त्रीच्या मुठीजवळ वायर रोज वाकते. तेथे वरचे आवरण चांगले दिसले, तरी आतली तार तुटलेली असू शकते. आवरण जळलेले किंवा फाटलेले दिसले, तर इस्त्री मुळीच लावू नका.

चौथी गोष्ट, दिवा पाहा. अनेक इस्त्र्यांत दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉइलच्या जोडीने बसवलेला असतो. अशा इस्त्रीचा दिवा लागतो पण तळ थंडच राहतो, तर बहुधा कॉइल तुटलेली असते. दिवा लागतच नसेल, तर दोष बहुधा वायरमध्ये किंवा थर्मोस्टॅटमध्ये असतो.

येथे तुमचे काम संपले. इस्त्री उघडणे हे कारागिराचे काम आहे. तो मल्टिमीटरने कॉइल तपासतो. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १००० वॅटच्या इस्त्रीची कॉइल चांगली असेल, तर मीटर सुमारे ५३ ओहम विरोध दाखवतो. हा आकडा २३० × २३० ÷ १००० असा मिळतो. कॉइल तुटली असेल, तर तिच्यातून वीज जाऊच शकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. इस्त्रीला हात लावण्यापूर्वी केवळ बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. बटण चुकीच्या तारेवर बसवलेले असेल, तर ते बंद असूनही इस्त्रीत वीज राहते. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन अर्थिंगची असते. कॉइल लोखंडाला टेकली, तर वीज या वाटेने जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. काही लोक ही तार निरुपयोगी समजून तोडतात. मग तीच वीज माणसाच्या शरीरातून जाते. ओल्या हातांनी किंवा ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून इस्त्री कधीही करू नका.

गणवेश एक दिवस चुरगळलेला राहिला तरी चालेल. जीव मात्र एकदाच मिळतो.

शब्दार्थ
दमट – थोडे ओले
बिघाड – दोष, खराबी
निवणे – थंड होणे
अनवाणी – पायात चप्पल-बूट नसताना

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तर लिहा : नायक्रोम म्हणजे काय?
२. कारणे लिहा :
(अ) इस्त्रीतून ‘टक’ असा आवाज येतो.
(आ) अर्थिंगची तार तोडू नये.
३. ७५० वॅटच्या इस्त्रीच्या कॉइलचा विरोध किती असेल, ते काढा.
४. गरम, दुरुस्ती, कारागीर हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.