लिंडेन लावायचंय? रोपाच्या किमतीवर जाऊ नका

ब्रिटनमध्ये मागे बाग असलेलं घर घेतलंत आणि एखादं लिंडेन लावावं असं मनात आहे. किंवा घरासोबत एक जुनं लिंडेन आयतंच पदरात पडलंय. दोन्हीकडे सूत्र एकच: रोप स्वस्त, झाड महाग. चार-पाच पौंडांना मिळणारं रोप पुढे छाटणी, विमा आणि कौन्सिलची परवानगी असा खर्च काढत राहतं. पैसे देण्याआधी पुढचं वाचा. नियम इंग्लंडचे आहेत. भाव ढोबळ आहेत आणि लंडनमध्ये ते हमखास चढे असतात.

आधी टेप घ्या

लिंडेन हे मोठं झाड आहे. लहान पानांचं लिंडेनसुद्धा २० मीटरच्या वर जातं. रस्त्याकडेला दिसणारं संकरित लिंडेन मोकळ्या जागेत ४० मीटरपर्यंत पोचतं. म्हणून घराच्या भिंतीपासून २० मीटर मोकळे आहेत का, ते मोजा. चिकणमातीच्या भागात, म्हणजे लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या बऱ्याच पट्ट्यात, हे अंतर पाळाच. उन्हाळ्यात मुळं पाणी शोषतात, माती आकसते, पाया खचतो. विमा कंपनीच्या अर्जात घराजवळच्या मोठ्या झाडांबद्दल प्रश्न असतो. तिथे खोटं लिहिलंत, तर पुढे दावा अडकतो.

कुंपणापासून अमुक अंतर सोडा, असा कायदा इथे नाही. उंच कुंपणाचा कायदाही पानगळीच्या झाडाला लागू होत नाही. पण शेजारी आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत कापू शकतो आणि मुळांनी नुकसान केलं तर भरपाई मागू शकतो.

बाग १२-१५ मीटरचीच आहे? मग साधं लिंडेन विसरा. तुमच्यापुढे तीन पर्याय आहेत. मंगोलियन लिंडेन, कारण ते आटोपशीर राहतं. हेन्री लिंडेन, कारण ते फार सावकाश वाढतं. किंवा ‘विंटर ऑरेंज’ हा वाण, दर एक-दोन वर्षांनी डोकं छाटून ठेवायचा. त्याच्या कोवळ्या काड्या हिवाळ्यात नारिंगी दिसतात. मात्र ही छाटणी कायमची मागे लागते, हे धरून चाला.

कुठलं लिंडेन आहे, हे ओळखा

ओळख महत्त्वाची, कारण खर्च जातीवर ठरतो. एक पान तोडा. बदामाच्या आकाराचं, दातेरी कडांचं, देठाजवळ एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली, असं असेल तर ते लिंडेनच. आता पान उलटं करा आणि शिरा जिथे फुटतात ते कोपरे बघा.

कोपऱ्यांत तांबूस-नारिंगी केसांचे झुबके, बाकी पान गुळगुळीत आणि ३ ते ८ सेंटिमीटरचं: लहान पानांचं लिंडेन, टिलिया कॉर्डाटा. याची फुलं लोंबत नाहीत, वर-आडवी कशीही उभी असतात.

पूर्ण मागची बाजू आणि कोवळी काडी मऊ लवेची, पान तळहाताएवढं: मोठ्या पानांचं लिंडेन, टिलिया प्लॅटिफिलोस. याच्या फळावर पाच ठळक कंगोरे बोटाला लागतात.

झुबके पांढुरके, पान मधल्या मापाचं आणि बुंध्याशी फुटव्यांचं जंगल: संकरित लिंडेन, टिलिया युरोपिया. जुन्या घरांसोबत बहुतेक हेच येतं. खर्चाचं झाडही हेच.

मागची बाजू चक्क पांढरी, लोकरीसारखी: चंदेरी लिंडेन, टिलिया टोमेंटोसा.

हिवाळ्यात पानं नसतात, तेव्हा काडी बघा. ती नागमोडी असते आणि तांबूस कळीवर दोनच खवले दिसतात, एक मोठा, एक छोटा. झाडाखाली वाळलेली फळं शोधा. वाटाण्याएवढ्या फळांच्या देठाला पानासारखी एक लांब फिकट पट्टी चिकटलेली असते. ती सापडली की शंका उरत नाही.

पूर्ण वाढलेलं झाड केवढं होतं, हे घेण्याआधी डोळ्यांनी बघून या. नॉटिंगहॅमशरमधल्या क्लम्बर पार्कमध्ये संकरित लिंडेनच्या दुतर्फा रांगा तीन किलोमीटरहून लांब आहेत. ग्लॉस्टरशरच्या वेस्टनबर्ट वृक्षोद्यानात लिंडेनच्या अनेक जाती पाट्यांसकट दिसतात.

चिकटा: जाहिरातीत नसलेला खर्च

संकरित आणि मोठ्या पानांच्या लिंडेनवर उन्हाळ्यात मावा पडतो. मावा साखरेचा चिकटा गाळतो, त्यावर काळी बुरशी येते आणि हे सगळं खाली उभ्या गाडीवर, बाकावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर उतरतं. औषध फवारून उपयोग नाही. एवढ्या उंच झाडावर ते पोचत नाही, आणि फुलावर असताना फवारलंत तर मधमाश्या मरतात. त्यामुळे गाडीची जागा किंवा बसायची फरसबंदी झाडाखाली येत असेल, तर चंदेरी किंवा ‘युक्लोरा’ लिंडेन घ्या. त्यांवर मावा फारसा येत नाही. चंदेरी लिंडेन उशिरा, जुलैअखेर फुलतं आणि त्याखाली कधीकधी मेलेले भुंगे सापडतात. घाबरू नका, झाडाला रोग नसतो.

पानांवर लाल टाचण्या टोचल्यासारखे कोंब दिसले, तर ते सूक्ष्म कोळ्यांचं काम. झाडाला त्याने काही होत नाही. त्यासाठी कोणी ‘उपचार’ विकत असेल, तर नको म्हणा.

रोप: किती आणि कुठून

शोधताना ‘टिलिया’ हे नाव टाका. इथे या झाडाला ‘लाइम’ म्हणतात आणि तेवढंच टाकलंत, तर समोर लिंबाची रोपं येतात.

बेअर-रूट, म्हणजे माती झटकलेलं, उघड्या मुळांचं ४०-६० सेंटिमीटरचं रोप: ३ ते ६ पौंड. नोव्हेंबर ते मार्च एवढंच मिळतं. कुंडीतलं दीड-दोन मीटरचं झाड: ४० ते ९० पौंड. खोडाचा घेर १२-१४ सेंटिमीटर झालेलं तयार झाड: २०० ते ४०० पौंड. चौकटीवर फांद्या ताणून सपाट केलेलं, जे भिंतीसारखं रांगेत लावतात: एकेक २५० ते ५०० पौंड, आणि रांगेला किमान चार-पाच लागतात.

आता छुपे आकडे. एक, घाऊक नर्सरीच्या यादीतला भाव बहुधा व्हॅटशिवाय असतो. शोभेच्या झाडांवर व्हॅट २० टक्के. दोन, पोचवणावळ. पाच पौंडांच्या रोपाला दहा-बारा पौंड कुरिअर पडतं. तयार झाड पॅलेटवर येतं आणि त्याचे ५० ते १०० पौंड वेगळे. तीन, ‘कर्बसाइड डिलिव्हरी’ लिहिलं असेल, तर ड्रायव्हर झाड रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जातो. मातीच्या गोळ्यासकट झाड दोन माणसांना उचलत नाही. बाजूच्या बोळातून मागे न्यायचं असेल, तर बोळाची रुंदी आधी मोजा. चार, ‘जगण्याची हमी’. ती बहुतेक वेळा नर्सरीनेच लावलं असेल तरच मिळते, आणि पाणी नियमित दिल्याचं तुम्हाला दाखवावं लागतं.

युरोपातल्या नर्सरीत स्वस्त दिसलं म्हणून मागवू नका. तिथून येणाऱ्या रोपाला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं आणि एका झाडासाठी तो खर्च परवडत नाही.

बियांपासून फुकटात करू, असं मनात असेल तर ऐका: बी कठीण कवचाचं आणि झोपाळू असतं. आधी उबेत, मग थंडीत ठेवावं लागतं आणि रुजायला दीड वर्ष लागू शकतं. उत्तर इंग्लंडच्या थंड उन्हाळ्यात तर लहान पानांच्या लिंडेनचं बी धड तयारच होत नाही. पाच पौंड द्या, वेळ वाचवा.

लावणी: नोव्हेंबर ते मार्च

कुंडीतलं झाड केव्हाही लावता येतं, पण शरद ऋतू उत्तम. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, पण तिप्पट रुंद. खोड जिथे खाली पसरायला लागतं, ती जागा जमिनीच्या पातळीला दिसली पाहिजे. ती गाडली गेली, तर झाड पाच-सहा वर्षं नुसतं कुढत राहतं. खड्ड्यात कंपोस्ट भरू नका. निघालेली मातीच परत घाला. पाणी साचणारी जागा नकोच, मुळं कुजतात.

आधाराची खुंटी झाडाच्या उंचीच्या एक तृतीयांशपर्यंतच ठेवा आणि दोन वर्षांत काढा. बुंध्याभोवती पाच-सात सेंटिमीटर लाकडी चुऱ्याचं आच्छादन घाला, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका. खुंटी, पट्टा, सशांसाठी जाळी आणि आच्छादन मिळून २५ ते ४० पौंड. गवत कापायचं यंत्र खोडाला लागू देऊ नका. साल गोलाकार सोलली गेली की झाड गेलंच.

पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी तुमच्यावर. कोरड्या आठवड्यात मोठ्या झाडाला एकदाच दोन-तीन बादल्या, सावकाश. रोज शिंपडलेलं पाणी मुळांपर्यंत पोचत नाही. ऑगस्टमध्ये भारतात जाणार असाल, तर शेजाऱ्याला चावी आणि पाइप दोन्ही देऊन जा.

जुनं झाड: आधी कौन्सिल, मग करवत

झाड तुमच्या जमिनीत आहे म्हणून तोडता येतंच असं नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर नकाशा बघा किंवा फोन करा आणि दोन गोष्टी विचारा: झाडाला संरक्षण-आदेश आहे का, आणि घर जतन-क्षेत्रात आहे का. घर घेताना वकिलाने केलेल्या शोधातही संरक्षण-आदेश नोंदलेला असतो. ती फाइल काढा.

संरक्षण-आदेश असेल, तर फांदी कापायलाही अर्ज लागतो. फी शून्य. निर्णयाला आठ आठवडे. अर्जाबरोबर झाडाची जागा दाखवणारा नकाशा, जात, नेमकं काय कापायचं आणि का, हे द्या. ‘छाटणी’ एवढंच लिहिलंत, तर अर्ज परत येतो. पाया खचल्याचं कारण देत असाल, तर इंजिनिअर आणि वृक्षतज्ज्ञ दोघांचे अहवाल जोडावे लागतात आणि ते खर्चिक असतात. नकार आला, तर २८ दिवसांत अपील करता येतं. त्यालाही फी नाही.

जतन-क्षेत्रात असाल, तर जमिनीपासून दीड मीटरवर खोडाची जाडी साडेसात सेंटिमीटरपेक्षा जास्त असलेल्या झाडासाठी सहा आठवडे आधी लेखी कळवा. उत्तर आलं नाही, तर काम करता येतं. परवानगीशिवाय संरक्षित झाड तोडलंत, तर दंडाला वरची मर्यादा नाही. झाड मेलेलं असलं तरी कौन्सिलला कामकाजाचे पाच दिवस आधी कळवा आणि फोटो काढून ठेवा. बागेतल्या झाडासाठी वनखात्याचा तोड-परवाना मात्र लागत नाही. त्या नावाने कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

चिकणमातीतलं घराजवळचं जुनं झाड एका फटक्यात तोडू नका. पाणी शोषणारं कोणी उरत नाही, माती फुगते आणि पाया वर उचलला जातो. आधी इंजिनिअरला विचारा.

ट्री सर्जनचं कोटेशन कसं वाचाल

दोन-तीन माणसांच्या तुकडीचा दिवस ५०० ते १००० पौंड. मध्यम लिंडेनची छाटणी अर्ध्या दिवसात होते, मोठ्याला पूर्ण दिवस जातो. समजा कोटेशन ४५० पौंडांचं आलं. त्यावर चार खुणा करा. व्हॅट धरलाय का? नसेल, तर ते ५४० झालं. फांद्या आणि लाकूड नेणार का? बुंधा दळणार का? हे बहुधा वेगळं असतं, ८० ते २५० पौंड. कौन्सिलचा अर्ज ते भरणार असतील, तर त्याचे पैसे किती? अर्ज फुकट असतो, तुम्ही स्वतः भरू शकता.

तीन कोटेशन घ्या, तिन्ही लेखी. सार्वजनिक दायित्व विम्याचं चालू प्रमाणपत्र बघा. काम ‘बीएस ३९९८’ या मानकानुसार होईल, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. आर्बोरिकल्चरल असोसिएशनच्या मान्यताप्राप्त यादीत नाव आहे का, तपासा. दारावर येऊन ‘आज इथेच काम चाललंय, रोखीत करून देतो’ म्हणणाऱ्याला परत पाठवा. मार्च ते ऑगस्ट पक्ष्यांची घरटी असतात. चालू घरटं मोडणं गुन्हा आहे, म्हणून मोठं काम हिवाळ्यात ठेवा. ढोलीत वटवाघळं असतील, तर काम थांबवून तज्ज्ञ बोलवावा लागतो.

बुंध्याचे फुटवे मात्र तुम्हीच काढा. हिवाळ्यात धारदार कात्री, अर्धा तास. पण झाडाला संरक्षण असेल, तर तेही आधी कौन्सिलला विचारून. एकदा परवानगी मागताना पुढची काही वर्षं दरवर्षी फुटवे काढायची मागणीही त्याच अर्जात घाला.

आणि महाबळेश्वरला?

सुटीला जाताना एक रोप बॅगेत टाकून नेऊ, हा विचार सोडा. भारतात रोप आणायला आयात-परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, ते विमानतळावर मिळत नाही. आणि लिंडेनला लांब, कडक थंडीची विश्रांती लागते. ती सह्याद्रीत कुठेच नाही.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात टेपने अंतर मोजा आणि कौन्सिलचा नकाशा बघा. मग जात ठरवा. ऑक्टोबरमध्ये रोपाची मागणी नोंदवा, कारण चांगले वाण डिसेंबरपर्यंत संपतात. आणि रोपाच्या किमतीशेजारी दरवर्षीच्या छाटणीचाही आकडा लिहा. दुसरा आकडा झेपत नसेल, तर पहिला खर्चच करू नका.