गळ्यातील चिठ्ठी : लोककथेतील काळा कुत्रा आणि भूमिका-खेळ

प्रास्ताविक

लोककथा एका जागी थांबत नाही. आजीच्या तोंडून ती कीर्तनकाराच्या आख्यानात जाते, तेथून नाटकात आणि चित्रपटात जाते. प्रत्येक ठिकाणी तिचा वेष बदलतो. गेल्या अर्धशतकात तिला आणखी एक घर मिळाले आहे. ते घर म्हणजे भूमिका-खेळ. इंग्रजीत त्याला रोलप्लेइंग गेम म्हणतात. लोककथेतील एखादा अद्भुत प्राणी या खेळात आणताना काय बदलावे आणि काय जपावे, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील :
• भूमिका-खेळाचे स्वरूप सांगणे.
• काळ्या कुत्र्याविषयीच्या देशी व परदेशी कथांची तुलना करणे.
• लोककथेचे रूपांतर करताना पाळावयाच्या मर्यादा स्पष्ट करणे.

मूळ पाठ

१. खेळाचे स्वरूप

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. या खेळात चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, तर कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंगाचे वर्णन करतो आणि विचारतो, ‘‘आता तुम्ही काय करता?’’ खेळाडू आपापली कृती सांगतात. ती सफल झाली की फसली, हे अनेकदा फासे टाकून ठरते. त्यांतील एक फासा वीस बाजूंचा असतो.

वाटेत पात्रांना राक्षस व अद्भुत प्राणी भेटतात. त्यांची माहिती देणारा ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा कोश १९७७ साली निघाला. त्यातील प्रत्येक नोंदीत आकडे असतात : प्राणी किती घाव सोसतो, किती वेगाने धावतो, त्याच्या चाव्याने किती इजा होते. याच कोशात ‘हेल हाउंड’ म्हणजे नरकाचा कुत्रा आहे. तो तोंडातून आग ओकतो. खेळाडू त्याला पाहताच शस्त्र उपसतात. कारण या नोंदीतला कुत्रा मुख्यतः लढण्यासाठीच निर्माण केलेला असतो.

२. निरनिराळ्या प्रदेशांतील काळा कुत्रा

लोककथेतला कुत्रा मात्र केवळ लढत नाही. इंग्लंडच्या पूर्व भागात ‘ब्लॅक शक’ नावाच्या काळ्या कुत्र्याच्या कथा आहेत. ४ ऑगस्ट १५७७ रोजी मोठ्या वादळात सफोक परगण्यातील बंगे येथील चर्चमध्ये असा कुत्रा शिरला व त्याच्या स्पर्शाने माणसे मेली, असे त्या वेळच्या एका पुस्तिकेत अब्राहम फ्लेमिंग याने लिहिले. परंतु त्याच देशातील लिंकनशायर परगण्यात काळ्या कुत्र्याची निराळी कीर्ती आहे. रात्री एकट्या निघालेल्या स्त्रीच्या सोबतीने तो चालतो आणि तिला सुखरूप घरी पोहोचवतो, अशा कथा तेथे सांगितल्या जातात.

भारतीय परंपरेतही कुत्रा उंबरठ्यावर उभा आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौदाव्या सूक्तात यमाचे चार डोळ्यांचे दोन कुत्रे आहेत. ते भयंकर आहेत, पण मृताच्या वाटेचे रक्षकही आहेत. काळभैरवाचे वाहन कुत्रा आहे. महाराष्ट्रात खंडोबासोबत कुत्रा असतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराच्या मागून चालत आलेला कुत्रा शेवटी साक्षात धर्म ठरतो.

या सर्व कथांत एक गोष्ट समान दिसते. कुत्रा कोणत्या तरी सीमेवर असतो, आणि त्याच्याशी माणूस कसा वागतो यावरून माणसाचीच पारख होते.

पाठगत प्रश्न १
(अ) हेल हाउंड आणि लिंकनशायरचा काळा कुत्रा यांत कोणता फरक आहे?
(आ) युधिष्ठिराच्या कथेत नेमकी कोणाची परीक्षा होते?

३. खपरीचा कुकुरदेव

छत्तीसगडी भाषेत कुत्र्याला ‘कुकुर’ म्हणतात. बालोद जिल्ह्यातील खपरी या गावी कुकुरदेवाचे जुने मंदिर आहे. तेथे शिवलिंगाबरोबर कुत्र्याची मूर्तीही पुजली जाते. या स्थानाविषयी अशी कथा सांगतात : एका बंजाऱ्याने कर्जापोटी आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. एके रात्री सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल कोठे लपवला हे कुत्र्याने पाहिले होते. त्याने सावकाराला तेथे नेले व सारा माल परत मिळाला. सावकार प्रसन्न झाला. कर्ज फिटले असे त्याने एका चिठ्ठीवर लिहिले, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधली आणि त्याला मोकळे केले. कुत्रा आनंदाने धन्याकडे धावला. धन्याला वाटले, हा पळून आला, आपला शब्द गेला. रागाच्या भरात त्याने काठी मारली. कुत्रा मेला. नंतर गळ्यातील चिठ्ठी दिसली. पश्चात्तापाने पोळलेल्या बंजाऱ्याने तेथे त्याचे स्मारक केले.

या कथेतला धनी दुष्ट नाही. तो शब्दाला जपणारा आहे. त्याची चूक एवढीच, की वाचण्याआधी त्याने हात उगारला.

४. रूपांतर

रायपूरच्या जुन्या शहरात ब्राह्मणपारा ही वस्ती आहे. पारा म्हणजे मोहल्ला. जवळच कंकाली तलाव आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तेव्हापासून या प्रदेशाशी मराठी माणसांचा निकटचा संबंध आहे. म्हणून रायपूरच्या मराठी घरात खंडोबाचा कुत्रा आणि खपरीचा कुकुर हे दोघेही सहज भेटू शकतात. समजा, ब्राह्मणपाऱ्यातील काही तरुण असा खेळ खेळणार आहेत आणि त्यांना स्वतःचा प्राणी हवा आहे. त्याची नोंद अशी होऊ शकेल :

नाव : वेशीचा कुकुर
रूप : वासराएवढा काळा कुत्रा, गळ्यात बांधलेली चिठ्ठी
ठिकाण : गावाची वेस, तलावाचा काठ, तिठा
प्राणबळ : ३०
वेग : माणसाच्या दुप्पट
केव्हा येतो : पात्रांपैकी कोणी दिलेला शब्द मोडला असेल किंवा वाट चुकला असेल तेव्हा
काय करतो : मागून चालतो; वेस ओलांडत नाही; स्वतः होऊन आधी चावत नाही
कसा शांत होतो : चिठ्ठी वाचून तीत लिहिलेले काम पूर्ण केल्यावर
मारल्यास : विजयाचे गुण मिळत नाहीत, चिठ्ठी वाचता येते, पण वाट दाखवणारा उरत नाही

प्राणबळ आणि वेग हे आकडे कोणत्याही प्राण्याला देता येतात. त्यांनी खेळ चालतो, कथा मात्र उभी राहत नाही. कथा उभी राहते ती ‘केव्हा येतो’ आणि ‘कसा शांत होतो’ या ओळींवर. या दोन ओळी गाळल्या, तर वेशीचा कुकुर आणि हेल हाउंड यांत रंगापलीकडे फारसा भेद राहणार नाही. आता खेळाडूपुढे खरी निवड आहे. शस्त्र चालवणे सोपे आहे. भीती आवरून जवळ जाणे आणि चिठ्ठी सोडवणे अवघड आहे. बंजाऱ्यापुढे जो क्षण आला, तोच क्षण फासे हाती घेतलेल्या खेळाडूपुढे येतो.

येथे प्राण्याला ‘कुकुरदेव’ हे नाव दिलेले नाही, ही गोष्टही लक्षात घ्यावी. ज्याची पूजा होते त्याला खेळातले सावज करणे योग्य नव्हे. कथेचा गाभा घ्यावा, नाव व प्रसंग नवे योजावेत.

५. मर्यादा

लोकसमजुतीतील प्रत्येक भीती खेळात आणावी काय? छत्तीसगडात ‘टोनही’ ही जादूटोणा करणाऱ्या स्त्रीविषयीची समजूत आहे. काळा कुत्रा कल्पनेत राहतो. टोनही म्हणून मात्र गावातल्या जिवंत स्त्रीकडे बोट दाखवले जाते. अशा स्त्रियांचा फार छळ झाला आहे. म्हणून छत्तीसगडात २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा झाला. एखाद्या व्यक्तीला टोनही ठरवल्यास तीन वर्षांपर्यंत आणि टोनही म्हणून छळल्यास पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावासाची तरतूद त्यात आहे. महाराष्ट्रातही जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला. ज्या कल्पनेने माणसांचे जीव गेले, तिला मारण्याजोगा राक्षस करून खेळात बसवणे म्हणजे त्या कल्पनेला बळ देणे होय. तेथेही कोणी वाचण्याआधी काठी उगारलेली असते.

तसेच कथा आणि उपचार यांची गल्लत करू नये. कुत्रा चावल्यास बरे व्हावे म्हणून खपरीला जाणारे लोक आहेत. श्रद्धा ज्याची त्याची. पण जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब दवाखान्यात रेबीजची लस घेणे अत्यावश्यक आहे.

चांगले रूपांतर कथेतील प्राण्याला नवे शरीर देते आणि त्याचा स्वभाव जपते. खपरीच्या कुकुराचे शरीर केव्हाच मातीत मिळाले. त्याच्या गळ्यातील चिठ्ठी मात्र प्रत्येक पिढीने नव्याने वाचावयाची आहे.

शब्दार्थ

आख्यान – कीर्तनात सांगितली जाणारी कथा
वेस – गावाची सीमा, प्रवेशद्वार
तिठा – तीन वाटा मिळतात ती जागा
गहाण – कर्जासाठी तारण ठेवलेले
प्रताडना – छळ

स्वाध्याय

१. ‘त्याची चूक एवढीच, की वाचण्याआधी त्याने हात उगारला.’ या विधानाचा आशय आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.
२. ‘वेशीचा कुकुर’ या नोंदीतील कोणत्या ओळी लोककथेतून आल्या आहेत व कोणत्या खेळाच्या गरजेतून, ते सांगा.
३. टोनहीला खेळातील राक्षस का करू नये? कारणे लिहा.
४. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एखाद्या प्राण्याची लोककथा ऐका. तो प्राणी केव्हा येतो, कोणाला भेटतो आणि कसा शांत होतो, हे विचारून लिहून ठेवा. कथा कोणत्या गावची आहे, त्याची नोंद अवश्य करा.