पॅलिओ आणि आपला सोमवार

हे बघ, तू विचारलंस म्हणून सगळं मोकळेपणानं सांगते. पॅलिओ, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खाणं, करायचं तर जरूर कर. मी काही आठवडे केलं आणि मला फायदाही झाला. पण तो नेमका कशामुळे झाला ते आधी ऐक, मग डाळ-दही घराबाहेर काढ.

नियम तुझे पाठ झालेच असतील. धान्य नाही, कडधान्य नाही, दूधदुभतं नाही, साखर नाही, पाकिटातलं काही नाही. मासे, अंडी, मटण, भाज्या, फळं, सुकामेवा एवढंच. पहिल्या आठवड्यात काटा असा खाली येतो की तू मला रात्री फोन करशील. हुरळून जाऊ नकोस. पोळी-भातातलं पिष्ट शरीर ग्लायकोजेन म्हणून साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं, चरबी जागच्या जागीच असते. पाण्याबरोबर मीठही जातं, म्हणून डोकं ठणकतं आणि माणूस उगीच तिरसट होतो. माझ्या घरच्यांना विचार! तेव्हा लिंबू-मीठ-पाणी पीत जा. कट्टर पॅलिओवाल्यांना वरचं मीठही चालत नाही, ते राहू दे बाजूला. आणि काट्यापेक्षा कमरेला टेप लाव, तो कमी खोटं बोलतो.

आता खरा फायदा सांगते. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी आणि परतलेली भाजी खाल्ली की अकराला पोटात खड्डा पडत नाही. चार वाजताच्या चहाबरोबरची बिस्किटं गेली, रात्री टीव्हीसमोरचं फरसाण गेलं, दुपारची पेंगही गेली. आपल्या ताटात तीन पोळ्या आणि चमचाभर भाजी असते, ते प्रमाण उलटं झालं. पडवळ, दुधी, शेवगा, अंबाडी, माठ असं सगळं मी वाटीभरून खाल्लं. यातल्या कशासाठीही गुहेत जायची गरज नव्हती, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

मग आला सोमवार. तुझ्या सासरीही सोमवार, गुरुवार, शनिवार अंडं-मासा वर्ज्य आहे ना? त्या दिवशी पॅलिओवर खायचं काय? वरण नाही, उसळ नाही, पिठलं नाही, पनीर नाही, ताक नाही. नुसती भाजी, खोबरं आणि बदाम. बदाम किती खाशील? आणि त्यांचा भाव काय आहे? मला वाटलं, निदान चतुर्थीला सोपं जाईल, उपासाला धान्य नसतंच. कसलं काय! भगर म्हणजे गवतवर्गातलं बी, म्हणजे धान्यच. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, म्हणून खिचडीतला कूट बाद. दही बाद. उरलं काय, तर रताळं, सुरण, केळं, खजूर. बटाट्यावरून तर त्यांच्यातच भांडणं आहेत. घरात सगळे साबुदाणा खातायत आणि आपण उकडलेलं रताळं सोलत बसलोय, उपासातला उपास!

माझं सगळ्यात मोठं म्हणणं इथेच आहे. रोज मटण-मासे खाणाऱ्या माणसानं डाळ सोडली तर त्याचं फारसं बिघडत नाही. आपल्याकडे आठवड्यातले अर्धे दिवस प्रथिनं येतात ती आमटीतून, उसळीतून आणि दह्यातून. ती काढलीस तर केस गळायला लागतील आणि तू शाम्पूला दोष देशील. कॅल्शियमचंही तेच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ती धान्य म्हणून बाद आणि दूध दूध म्हणून बाद. मग तीळ, शेवग्याची पानं, काट्यासकट खाता येणारी मांदेली यांवर भर द्यावा लागतो. तुझी पस्तिशी उलटलीय, हाडांचा हिशेब आत्ताच बघ.

आणि हे सगळं ज्या अश्मयुगाच्या नावानं करायचं, त्याची गंमत ऐक. 1985 साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या अमेरिकी संशोधकांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात पुराश्मयुगीन आहारावर लेख लिहिला, 2002 साली लॉरेन कॉर्डेन यांचं पुस्तक आलं आणि त्याची लाट झाली. पण 2018 साली जॉर्डनमधल्या एका उत्खननातले भाकरीसारखे जळके तुकडे प्रसिद्ध झाले, चौदा हजार वर्षांहून जुने. म्हणजे शेतीच्याही कितीतरी आधी माणूस रानटी धान्य दळून भाजत होता. टोमॅटो मात्र पॅलिओत चालतो, जो अमेरिकेबाहेरच्या एकाही अश्मयुगीन माणसानं पाहिला नव्हता. आपल्याकडे नेवाशाजवळ चिरकीला प्रवरेकाठी अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्यात. ती हत्यारं घडवणारा काय ॲव्होकाडो खात होता? आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावात तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं जव आणि मसूर पिकवून खात होती. तीन हजार वर्षं या मातीत मसूर शिजतोय, तो तुला आता एकदम विष कसा झाला?

बरं, कुठल्याच पुस्तकात नसलेली गोष्ट म्हणजे स्वयंपाक. घरच्यांच्या पोळ्या लाटायच्या, कुकर लावायचा, मुलांचे डबे भरायचे आणि मग आपलं वेगळं परतत बसायचं. दोन स्वयंपाक, दुप्पट भांडी. शिवाय गरम पोळीवर तूप घालून दुसऱ्याला वाढताना आपण न खाणं हा निग्रह रोज कोण करणार? मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, रात्रीच्या पोळ्या मी लाटणार नाही. ज्याला हव्यात त्यानं कराव्यात, नाहीतर पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात. थोडी धुसफूस झाली, मग जमलं. तूही आधी हे ठरव, बदामाचं पीठ नंतर आण. सासूबाईंना ‘डाएट’ म्हणून सांगू नकोस. ‘काही दिवस गहू सोडून बघतेय’ म्हण, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

माझं आज काय चाललंय विचारशील, तर बिस्किटं परत आणली नाहीत, साखर चहापुरती. सकाळी अंडी, सोमवारी मुगाचं धिरडं. दुपारी एक भाकरी, दोन वाट्या भाजी, वाटीभर घट्ट वरण आणि ताक. कोशिंबिरीत दाण्याचा कूट आहे, आणि चांगला भरपूर आहे. याला पॅलिओ म्हणता येणार नाही, कुणी म्हणूही नये.

तू मात्र सुरू करण्याआधी रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, बी-12, ड जीवनसत्त्व. आणि हो, आमच्या जावईबापूंना यात हौसेनं ओढू नकोस. त्यांच्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत. गोळी तीच ठेवून पोळी-भात एकदम बंद केला, तर काही गोळ्यांनी साखर धोकादायक इतकी खाली जाते. घाम फुटला, हात थरथरले तर तिथे पॅलिओ बघायचं नाही, सरळ साखर तोंडात घालायची. त्यांना करायचंच असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन डोस बदलून घ्या. श्रावण तोंडावर आलाय, तो संपेपर्यंत थांबलात तरी काही बिघडत नाही.