ताटातील जैवविविधता आणि समतेचा विचार

तथागत भगवान बुद्धांनी भिक्खूसंघासाठी वर्षावासाचा नियम घालून दिला. त्यामागचे कारण विनयपिटकात नोंदलेले आहे. भर पावसाळ्यात फिरणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली हिरवे गवत व असंख्य लहान जीव चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार होती. ती रास्त मानून भगवंतांनी पावसाळ्यातील चारिका थांबविली. पुढे सम्राट अशोकाने, जेथे औषधी वनस्पती, कंदमुळे व फळे नव्हती तेथे ती आणून लावल्याचे दुसऱ्या शिलालेखात नमूद केले. तर जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, अशी आज्ञा पाचव्या स्तंभलेखात दिली. सजीवसृष्टीच्या विविधतेचे रक्षण हा विचार आपल्याला परका नाही. आज तो आपल्या शेतात आणि ताटात किती उरला आहे, हे तपासले पाहिजे.

असोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव. हा परिसर भरताच्या वांग्यांसाठीही ओळखला जातो. फिकट हिरवे, पांढऱ्या रेघांचे, कमी बियांचे हे मोठे वांगे कपाशीच्या काड्यांवर भाजतात. ‘जळगाव भरीत वांगी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या भरताबरोबर कळण्याची भाकरी असते. कळणा म्हणजे ज्वारी व उडीद यांचे एकत्र दळण. म्हणजे या एका जेवणामुळे वांगे, ज्वारी आणि उडीद या तिन्ही पिकांना मागणी राहते. त्यांतील उडीद हवेतील नत्र जमिनीत स्थिर करून तिचा कस वाढवितो. ज्या पिकाला गिऱ्हाईक नाही, ते शेतकरी फार काळ पेरू शकत नाही. म्हणून जैवविविधतेचे रक्षण स्वयंपाकघरातही होते.

एकाच वाणावर विसंबण्याचा धोका केळीच्या इतिहासात दिसतो. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या निर्यात बाजारात ‘ग्रो मिशेल’ या एकाच केळीचे वर्चस्व होते. जमिनीतील बुरशीमुळे होणाऱ्या पनामा रोगाने तिच्या बागा उद्ध्वस्त केल्या. सर्व झाडे जनुकीयदृष्ट्या सारखी असल्याने एकालाही तग धरता आला नाही. आज जळगाव जिल्ह्यातही ‘ग्रँड नैन’ या एकाच वाणाचे प्राबल्य आहे. केळी हे आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे. म्हणूनच या इतिहासाकडे डोळेझाक परवडणारी नाही.

या प्रश्नाची दुसरी बाजू भूमिहीनांची आहे. निंदणीला जाणाऱ्या आयाबाया तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ अशा भाज्या खुडून ओटीत घेऊन येत. पैसा न मोजता मिळणारे ते पोषण होते. तणनाशकाच्या एका फवारणीने त्या भाज्याही जातात आणि निंदणीची मजुरीही जाते. बांधावरची विविधता संपते, तेव्हा पहिला घास गरिबाच्या ताटातून कमी होतो.

मात्र देशी बियाण्यांचा आग्रह म्हणजे जुन्या गावगाड्याचा गौरव नव्हे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणावर कठोर टीका केली होती. ज्या व्यवस्थेत राबणाऱ्या हातांना जमीन नव्हती, ती परत आणायची नाही. बियाणे जपायचे ते सर्वांच्या मालकीचा ठेवा म्हणून. कायदाही या बाजूने आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि कंपनीच्या छापाविना विकण्याचा हक्क दिला. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता समिती व लोकजैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली.

म्हणून पालक व माजी विद्यार्थी यांनी काही गोष्टी मनावर घ्याव्यात. आठवड्यातील काही जेवणे ज्वारी-बाजरीची असावीत. निदान बांधावर तरी तणनाशक मारू नये. परसात देशी वांग्याचे निरोगी झाड निवडून त्यावरील एक फळ पिवळे होईपर्यंत पिकू द्यावे, बी धुऊन सावलीत वाळवावे. इतर वाणांची वांगी लगत लावू नयेत, अन्यथा परागीभवनातून भेसळ होते. ग्रामसभेत नोंदवहीची चौकशी करावी आणि रानभाज्या ओळखणाऱ्या मजूर स्त्रियांचे ज्ञान तीत नोंदवून घ्यावे. ज्यांच्या श्रमाने हे ज्ञान टिकले, त्यांचे नाव त्या नोंदीत आले पाहिजे.