पात्याचे पाणी

कोल्हापूरला गेलात तर न्यू पॅलेसमधील संग्रहालय जरूर पाहा. तेथे जुन्या तलवारी मांडून ठेवल्या आहेत. शहराबाहेर पडलात की उसाचे मळे लागतात. तेथे ऊस तोडणाऱ्यांच्या हातांत कोयते दिसतात. तुमच्या घरी सुरी असते. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा असे. राजाची तलवार असो की न्हाव्याचा वस्तरा, दोन्ही वस्तू लोहाराच्या भट्टीतूनच येत.

उर्दूतील उस्तरा तोच मराठीतील वस्तरा आणि उर्दूतील फौलाद तेच मराठीतील पोलाद. दोन्ही शब्द फारसीतून आले आहेत.

साध्या लोखंडाच्या पात्याची धार लवकर वळते. म्हणून पोलाद लागते. पोलाद म्हणजे थोडा कार्बन असलेले लोखंड. वस्तऱ्याच्या पोलादात शंभर भागांत सुमारे एक भाग कार्बन असतो. एवढ्याशा कार्बनने लोखंडाचा गुण बदलतो. गावोगावचे लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे घेऊन त्यांचे कोयते बनवतात. ते पाटेही पोलादाचेच असतात.

लोहार भात्याने भट्टी फुलवतो. पोलादाचा तुकडा लाल झाला, की सांडशीने धरून ऐरणीवर ठेवतो आणि त्यावर घाव घालतो. तुकडा निवला की पुन्हा तापवतो. असे अनेकदा केल्यावर पात्याला आकार येतो. मग ते कानशीने घासतात. पण अजून ते मऊच असते.

खरी परीक्षा पुढेच आहे. पाते सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे असते. लोहार हे तापमान पात्याच्या रंगावरून ओळखतो. इतक्या तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटत नाही, हीही एक खूण आहे. मग ते पाते झटकन पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यालाच ‘पाणी देणे’ म्हणतात. पाते सावकाश निवले असते, तर कार्बन वेगळा होऊन ते मऊ राहिले असते. एकदम थंड झाल्यामुळे कार्बन लोखंडात अडकून पडतो आणि पाते फार कठीण होते.

मग काम संपले का? नाही! हे पाते काचेसारखे ठिसूळ असते. हातातून पडले तर मोडते. म्हणून ते पुन्हा तापवतात, पण मंद आचेवर, सुमारे २०० अंशांपर्यंत. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येतो. तेथेच थांबायचे. थोडा कठीणपणा जातो, पण चिवटपणा येतो. आच जास्त झाली, तर पाते निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. धार टिकत नाही. सारी मेहनत वाया जाते.

शेवटी धार लावतात. वस्तऱ्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासतात, म्हणून त्याची धार सुरीपेक्षा पातळ होते. मग पाते बारीक दगडावर आणि त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर फिरवतात. पट्ट्यावर ते पाठीच्या दिशेने ओढावे लागते, नाही तर पट्टाच कापला जाईल!

आज बहुतेक सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड वापरतात. आरोग्यासाठी ते चांगलेच आहे. त्यामुळे हाताने घडवलेला वस्तरा आता क्वचितच दिसतो. पण भट्टीजवळचे शब्द भाषेत राहिले आहेत. तेजस्वी, स्वाभिमानी माणसाला मराठीत ‘पाणीदार’ म्हणतात. उर्दूत लखलखत्या, धारदार तलवारीला ‘आबदार’ म्हणतात. आब म्हणजे पाणीच!

घरातली सुरी हाती घ्याल, तेव्हा तिने सोसलेले दोन ताव आठवा. पहिल्याने तिला कठीण केले. दुसऱ्याने तिला मोडण्यापासून वाचवले.

स्वाध्याय
१. पाणी दिल्यावर पाते पुन्हा का तापवतात?
२. ‘पाणीदार’ आणि ‘आबदार’ या शब्दांत कोणते साम्य आहे?
३. ‘पाणी उतरणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.